तीन मात्रा आधी

गिरगावातली आमची चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा माळ्यावरचं सामान काढायला गेलो होतो. दोन दिवस धूळ खाल्ली, तांब्याचा बंब भावाच्या गळ्यात मारला आणि उरलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे उचलून नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेले. तो तराजूत गठ्ठा चढवत होता, तेवढ्यात शेजारच्या ढिगातला एक कागद घसरून माझ्या चपलेपाशी आला. आडवातिडवा मोठा, पिवळा पडलेला, कडेला हात लावला की तुकडा पडेल असा. त्यावर पाच-पाच रेघांच्या ओळी, आणि रेघांवर साखरेला मुंग्या लागाव्यात तसे काळे ठिपके. डोक्यावर रोमन लिपीत एकच शब्द, व्हायोला. नोटेशनचा कागद आहे एवढं कळलं, पुढचं काही कळेना. पण त्या छापील मुंग्यांवर कुणीतरी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. कुठे इंग्रजी व्हीसारखी टोकदार खूण, कुठे एक बाजू उघडी असलेली चौकट, कुठे बारीक आकडे. आणि खालच्या ओळीपाशी, चक्क, चष्म्याचं चित्र. दोन गोल, मधे एक दांडी. शाळेत वहीच्या मागच्या पानावर आम्ही हेडमास्तरांचा काढायचो तसाच.

"असले बरेच होते," रद्दीवाला मान वर न करता म्हणाला. "गेल्या आठवड्यात टेम्पोत गेले. आठ-नऊ किलो भरले असतील."

कागद मी मागून घेतला. त्याने पैसे मागितले नाहीत. मात्र ते "आठ-नऊ किलो" घरी येईपर्यंत डोक्यात खडखडत राहिलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये अकरावीतली एक मुलगी व्हायोलिन शिकते. संध्याकाळी तिच्या खिडकीतून सुरावटी येतात, कधी सरळ, कधी पाय मुरगळल्यासारख्या. तिला कागद दाखवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, भुवया आवळल्या आणि म्हणाली, "काका, हे मला वाचता येणार नाही. म्हणजे येईल, पण हळूहळू. ह्याची क्लेफच वेगळी आहे." मग तिने समजावलं. व्हायोला हे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं वाद्य. वरची पातळ तार त्याला नसते, त्याऐवजी खाली एक जाड तार जास्त. त्याचे सूर मधल्या पट्टीतले, म्हणून ते लिहायची पद्धतही निराळी. तोच ठिपका व्हायोलिनवाल्याला एक सूर सांगतो आणि व्हायोलावाल्याला दुसराच. टोकदार खूण म्हणजे गज खालून वर न्यायचा, चौकट म्हणजे वरून खाली ओढायचा. आकडे बोटांचे. "आणि चष्मा?" मी विचारलं. ती हसली. "चष्मा म्हणजे इथे डोळे उघडे ठेवा. पुढे उभा राहून हाताने सगळ्यांना चालवतो त्या कंडक्टरकडे बघा. इथे मागच्या वेळी चुकलेलं असणार कुणीतरी."

मग तिने एकेक ठिपका मनात उलगडत दोन ओळी वाजवून दाखवल्या. शिवणयंत्र चालावं तसा आवाज. कुर्र-कुर्र-कुर्र-कुर्र, मधेच सूर जरा बदलायचा, पुन्हा कुर्र-कुर्र. "ह्यात गाणं कुठाय?" मी विचारलं.

"व्हायोलात गाणं नसतं काका," ती म्हणाली.

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. जवळजवळ असंच, दुसऱ्या भाषेत, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी.

आमच्या चाळीच्या पुढल्या गल्लीत एक गोवेकर राहायचे. आम्ही पोरं त्यांना अंकल म्हणायचो, मोठी माणसं "व्हायोलिनवाले". सकाळी आठाच्या आत पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि हातात काळी पेटी घेऊन ते बसस्टॉपवर उभे असत. पेटीचा कोपरा उसवलेला, त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला. सिनेमाच्या गाण्यांत ते वाजवतात अशी गल्लीत बातमी होती, त्यामुळे आमच्या दृष्टीने ते अमिताभच्या सख्ख्या ओळखीतले. संध्याकाळी परतताना आम्ही घेरायचो. अंकल, आज कुठलं गाणं? ते पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "गाना अपने को नहीं मालूम बाबा. अपने को पेपर मालूम." आम्हाला वाटायचं, भाव खातात. आता कळतं की ते खरं सांगत होते. गाणारी बाई काचेच्या केबिनमध्ये, शब्द तिच्या कानात. ह्यांच्यासमोर स्टँडवर एक कागद, त्यावर आपल्यापुरत्या मुंग्या. तीन तासांनी कागद परत द्यायचा, दुसरा घ्यायचा. पुढे वर्षभराने बिनाकावर ते गाणं लागलं तरी त्यातलं आपलं काय, हे त्यांना ओळखू आलं असेल का, कोण जाणे.

ती सगळी माणसं धोबीतलावच्या आसपासची. गावोगावच्या क्लबात, ज्याला गोवेकर कूड म्हणतात, तिथे ट्रंका लावून राहणारी. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत मुलाला अक्षरओळखीबरोबर सोल्फेज घोकायला लावत. दो-रे-मी आधी गळ्यातून, मग हातात व्हायोलिन. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत, हे ऐकून आमच्या आजीने एकदा विचारलं होतं, "सुतार का गाणं शिकवतो?" पोर्तुगिजांनी ही विद्या चर्चमधल्या प्रार्थनेसाठी दिली, मुलांनी ती पोटासाठी मुंबईला आणली. मूकपटांच्या थिएटरात वाजवलं, हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये वाजवलं, बोलपट आले तसे स्टुडिओत शिरले. 1950 च्या सुमाराला मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या रात्री सुन्या झाल्या, तेव्हा उरलेसुरलेही सिनेमाकडे वळले. कागदावरचं बघून पहिल्या फटक्यात वाजवणारी माणसं ह्या शहरात दुसरी होतीच किती?

आणि ह्यांच्यातल्याच काहींनी संध्याकाळी पेटी उघडून वेगळा कागद समोर ठेवला होता. मोझार्टचा, बेथोवनचा. त्यासाठी त्यांना बोलवणारा माणूस होता मेहली मेहता. जवळपास स्वतःच्या स्वतः शिकलेला पारशी व्हायोलिनवादक. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. वर्षभरात, 1936 च्या एप्रिलमध्ये, मुलगा झाला, झुबिन. घरात दोन बाळं एकदम वाढावीत तसं झालं असणार. तार-वाद्यांवर पारशी, गोवेकर, युरोपातून आलेले ज्यू. फुंकवाद्यांना नौदलाच्या बँडमधली माणसं. म्हणजे सकाळी ज्याने परेडला बिगूल फुंकला, तो संध्याकाळी ब्राम्ससाठी हॉर्न घेऊन बसणार. रोजगार एकीकडे, हौस दुसरीकडे. तालमी मेहतांच्या घरात चालत आणि सोळा वर्षांचा झुबिन अख्ख्या ऑर्केस्ट्राची तालीम घेऊ शकत असे. डॉक्टर व्हायचं म्हणून अभ्यास सुरू केला होता त्याने, पण तो 1954 मध्ये व्हिएन्नाला गेला तो गेलाच. मागोमाग वडीलही मँचेस्टरच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, पुढे अमेरिकेत. मुलाने न्यूयॉर्कचा ऑर्केस्ट्रा तेरा वर्षं सांभाळला, वडिलांनी लॉस एंजेलिसला तरुण पोरांचा उभा केला. इथला मात्र टिकला नाही.

मराठी घरांत ह्याचं सोयरसुतक कुणाला असणार? आमच्या घरी तर नव्हतंच. झुबिन मेहता हे नाव वर्तमानपत्रात आलं की वडील कौतुकाने "आपल्या मुंबईचा" म्हणायचे आणि पान उलटायचे. काला घोड्याजवळच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये एके काळी ह्या संगीताच्या मैफली रंगत, तिथे 1996 पासून आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. अर्धगोल जिन्यावरून चित्रं बघत फिरताना, इथे कुणी सूर जुळवत बसलं असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सिंफनी म्हणजे टाय लावलेल्या माणसांचं, दक्षिण मुंबईचं, आपलं नव्हे. मधे टाळी वाजवली तर लोक वळून बघतात, असलं. आमचं संगीत वेगळं. ते गणपतीच्या मांडवात, ब्राह्मण सभेत, रेडिओवर.

रेडिओवर! तिथेच तर गंमत आहे. पहाटे वडील मर्फीचं बटण फिरवायचे. आधी नुसती खरखर, मग तानपुऱ्याची गुणगुण, आणि तिच्यावर हळूच येणारं व्हायोलिन. शिवरंजनीतली ती आठ-दहा सुरांची ओळ पुन्हा पुन्हा. नंतर वंदे मातरम्, मग "आकाशवाणी, मुंबई". स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, रॉकेलचा वास, अंघोळीच्या पाण्यासाठी आईची हाक, सगळं त्या सुरावटीला चिकटलेलं. मी ती कुणा शास्त्रीबुवांची समजत होतो. ती वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने 1936 मध्ये बांधली. बोहेमियातला ज्यू, हिटलर आल्यावर युरोपात आपलं काही खरं नाही हे ओळखून 1934 साली मुंबईच्या बंदरात उतरलेला. बायको लेखक काफ्काची भाची. हिंदुस्थानी संगीताची रेकॉर्ड प्रथम ऐकली तेव्हा त्याला अक्षरही कळलं नव्हतं. लाखो लोक ज्यात रमतात ते आपल्याला कळत नाही, तेव्हा खोट आपल्यातच असणार, असा हिशेब करून तो इथे राहिला आणि शिकला. (हा हिशेब उलट्या बाजूने मी कधी मांडला नाही, हे इथेच कबूल करून टाकतो.) त्याने इथे चेंबर म्युझिकची, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताची, मंडळी जमवली, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला, पुढे रागांवर जाडजूड ग्रंथही लिहिला. आणि त्या सुरावटीतलं व्हायोलिन? ते मेहली मेहतांनी वाजवलं असं सांगतात. 1946 मध्ये कॉफमनही गेला. दोन वर्षांनी कॅनडात विनिपेगच्या नव्या सिंफनी ऑर्केस्ट्राचा पहिला कंडक्टर झाला.

म्हणजे बघा. ह्या शहराने एकाला व्हिएन्नाला धाडलं, एकाला विनिपेगला, एकाला मँचेस्टरला. जगभर ऑर्केस्ट्रे वाटले. स्वतःकडे काय ठेवलं, तर पहाटेची अर्ध्या मिनिटाची धून आणि स्टुडिओत बसलेली, गाणं न मालूम असलेली माणसं.

ह्यावर चिडलेला एक माणूस होता. म्हणजे चिडलेला हा शब्द माझा. मडगावाजवळच्या माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस. होय, तोच, अंड्यातून बाहेर पडणारा अमिताभ ज्याच्या नावाने नाचतो तो. प्यारेलालना व्हायोलिन ह्यांनी शिकवलं, म्हणून 1977 च्या त्या गाण्यात शिष्याने गुरूचं नाव गोवलं. अख्ख्या देशाने ते गाणं म्हटलं आणि असा माणूस खरंच आहे हे थोड्यांनाच ठाऊक. गोन्साल्विसना कागदामागचं गाणं हवं होतं. रागाला हार्मनीचं, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या अनेक सुरांचं, घर बांधून द्यायचं, आपली सिंफनी करायची. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवला, शंभराच्या वर वादक, झेवियर्स कॉलेजच्या चौकात. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. धोबीतलावपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर तीन-तीन मिनिटांचे तुकडे वाजवणारी माणसं त्या संध्याकाळी एक सलग, लांब, आपल्या मातीतली रचना वाजवत होती. दगडी कमानी, वरती मोकळं आभाळ, चौकात घुमणारे डबल बेस. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण ह्या एका कार्यक्रमाचा मला हेवा वाटतो. पुढे तेही 1965 च्या सुमाराला अमेरिकेला गेले, परतून गोव्यातल्या घरी राहिले आणि 2012 मध्ये वारले. चौकातला ऑर्केस्ट्रा विरून गेला.

1962 मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू झाला. हौशी लोकांनी, चिकाटीने. त्याबद्दल आदर आहे, पण तिथे मी कधी गेलेलो नाही, तेव्हा उगाच लिहीत नाही.

नव्वदीत सिंथेसायझरने स्टुडिओतली व्हायोलिनं गिळली. चाळीस जण जे वाजवायचे ते एका पोराची दहा बोटं वाजवू लागली. अंकल त्या आधीच गल्लीतून गेले होते. कधी गेले ते आम्हा कुणाला नीट आठवत नाही. दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं, एका वर्षी ताट परत आलं, खोलीला कुलूप होतं. आईने त्यातल्या करंज्या आम्हालाच वाढल्या.

कागद सापडल्यावर मी नरिमन पॉइंटला गेलो, आयुष्यात पहिल्यांदा सिंफनी ऐकायला. मुंबईला आता पुन्हा ऑर्केस्ट्रा आहे, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. 2006 मध्ये एनसीपीएच्या, म्हणजे नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या, खुशरू सनटूक ह्यांनी कझाकस्तानच्या मरात बिसेनगालियेव ह्या व्हायोलिनवादकाबरोबर तो उभा केला. जमशेद भाभा थिएटरचा तो संगमरवरी जिना मलबार हिलवरच्या पेटिट हॉल नावाच्या हवेलीतून आणून बसवलेला; त्याच्यावरून चढताना चपला घालून आलो ह्याचं उगाच अवघडल्यासारखं झालं. शेजारच्या पारशी आजींनी कार्यक्रमपत्रिका माझ्यापुढे धरली. वादकांच्या नावांवरून नजर फिरवली. कझाक, रशियन, अधूनमधून इंग्रज. भारतीय नावं मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती किंवा थोडी कमी पडली असती. बरेचसे सीझनपुरते विमानाने येतात आणि परततात. मनात पहिल्यांदा कडवटपणाच आला. शहराचा ऑर्केस्ट्रा म्हणायचा आणि शहर कुठे आहे त्यात? मग वाटलं, मेहलींच्या वेळी तरी कोण होतं? गोव्याहून आलेले, प्रागहून पळालेले, बोटीवरून उतरलेले. मुंबईत मुंबईचं असं काय असतं? हा युक्तिवाद सोयीचा आहे हेही मला कळतं. धोबीतलावच्या माणसाचं पोट ह्या शहरात चालायचं. आता अकादमी निघाली आहे, 2012 पासून लहान मुलं तिथे शिकतायत. ती मोठी होऊन त्या खुर्च्यांवर बसतील की व्हिएन्नाचं विमान पकडतील, त्यांनाच माहीत. 2023 मध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता त्याच इमारतीत आले आणि ह्या ऑर्केस्ट्रासमोर पहिल्यांदा उभे राहिले. वडिलांनी जन्माआधी एक वर्ष सुरू केलेलं काम, एवढी प्रदक्षिणा घालून.

दिवे मंद झाले. ओबो नावाच्या फुंकवाद्याने एक सूर धरला आणि बाकीचे त्याला येऊन मिळू लागले. एवढंच मला घरच्यासारखं वाटलं. आमच्याकडेही मैफलीआधी तानपुरे लागतात तेव्हा असाच अंगावर काटा येतो. पुढचे दोन तास मी व्हायोलावाल्यांकडे बघत बसलो. व्हायोलिनांच्या आणि चेलोंच्या मधे बसलेली ती दहा-बारा माणसं. सगळे डौलात डुलत असताना ह्यांचे गज बहुतेक वेळ हातभर जागेतच हलत. आपल्याकडे बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य असतो ना, तसे. त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याचा हात क्षणभर थांबला तर मात्र बुवा मान वळवून बघतात. मागच्या रांगेतल्या एका व्हायोलावाल्याने पान उलटताना खिशातली पेन्सिल काढून कागदावर भर्रकन काहीतरी केलं. एवढ्या लांबून दिसलं नाही. मी आपला चष्माच समजलो.

परवा ती मुलगी जिन्यातच भेटली. "काका, कळलं! सरांना फोटो पाठवला होता. मोझार्ट चाळीस, पहिली मूव्हमेंट." माझा चेहरा कोराच राहिलेला बघून तिने खांद्यावर नसलेलं व्हायोलिन घेतलं आणि तोंडाने गुणगुणली. पहिल्या चार सुरांत मी जागच्या जागी थांबलो. "इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा!" 1961 चा 'छाया', सलीलदांचं संगीत, तलत आणि लता. आईचं आवडतं गाणं, भाजी निवडताना म्हणायची. सलील चौधरींनी ती सुरावट मोझार्टच्या ह्याच सिंफनीवरून घेतली, 1788 सालच्या. हे मला वाचून माहीत होतं. हातात कागद असून ओळखता आलं नाही, कारण कागदावर ते गाणं नव्हतंच. सूर व्हायोलिनांकडे. व्हायोलाकडे नुसती ती कुर्र-कुर्र.

तिच्या घरी गेलो. तिने फोनवर सिंफनी लावली आणि म्हणाली, "नीट ऐका हं, गाणं लगेच सुरू होत नाही." खरंच होत नाही. आधी खाली चेलो-बेसचा एकेक हलका ठोका आणि व्हायोलांची ती अस्वस्थ गुणगुण, फक्त तीन मात्रा. चौथीवर गाणं येतं. इतकी वर्षं ही धून ऐकतोय, ह्या तीन मात्रा मी कधी ऐकल्याच नव्हत्या. खरखर, मग तानपुरा, मग व्हायोलिन. वडिलांचा हात मर्फीच्या बटणावर. आणि बसस्टॉपवरची ती काळी पेटी डोळ्यांसमोर आली. तिच्यात व्हायोलिनच होतं का? थोडी रुंद होती का ती पेटी? ट्यूबचा तुकडा आठवतो, रुंदी आठवत नाही. आम्हाला दोन्ही सारखंच होतं.

"मी बरोबर वाजवते, तुम्ही हाताने मात्रा धरा," ती म्हणाली. पिवळा कागद स्टँडवर नीट उभा राहीना, तेव्हा तिने केमिस्ट्रीचं पुस्तक मागे टेकवलं. चष्म्याच्या चित्राजवळचा कोपरा तेवढ्यात तुटला. तो मी उचलून शर्टाच्या खिशात ठेवला. तिने हनुवटी टेकवली, फोनवर बोट दाबलं, गज तारेवर ठेवला. फोनमधलं गाणं सुरू होऊन पुढे निघून गेलं आणि तिने गज उचलला.

"परत," ती म्हणाली. "मी उशिरा आले."